ऐपतीचे भिंग
सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठाने एका जपानी कंपनीसह घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. या चष्म्याच्या भिंगाचा मध्य साधा. भोवतालची शेकडो सूक्ष्म भिंगे काही प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडे केंद्रित करतात व नेत्रगोलाची वाढ मंदावते. चाचणी पूर्ण करणाऱ्या 160 मुलांपैकी निम्म्यांना साधे चष्मे होते. त्यांच्या तुलनेत लघुदृष्टीची वाढ दोन वर्षांत सरासरी 52 टक्क्यांनी कमी आढळली.

विज्ञानाचे हे यश निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु जनतेच्या पैशाच्या आधाराने सिद्ध झालेले भिंग बाजारात मात्र ऐपत पाहूनच मुलाच्या नाकावर चढते. आईबापांची मिळकत वाढेपर्यंत मुलाचा डोळा थांबत नाही. म्हणूनच हे भिंग शालेय नेत्रतपासणीबरोबर मोफत मिळाले पाहिजे. खरी कसोटी भिंगाची नव्हे, व्यवस्थेची आहे!