मोटारीचा भाव आणि ग्राहकाचा संकोच

मोटार विकत घ्यावयास निघालेल्या मनुष्यास विक्रेत्याशी किमतीची बोलणी करताना जो संकोच वाटतो, त्याचे मूळ त्याच्या भिडस्त स्वभावात आहे, आणि बोलक्याला अधिक सूट व अबोलाला कमी हा व्यवहाराचा नियमच आहे, असे मानण्याची आपल्याकडे रूढी पडून गेली आहे. ती रूढी मला मान्य नाही. सराफाच्या पेढीवर बसून घडणावळीसाठी अर्धा तास हुज्जत घालणारा तोच गृहस्थ, तीच गृहिणी, शोरूममध्ये गप्प होते. आणि याचे कारण इतकेच की सोन्याचा त्या दिवसाचा भाव त्यांनी सकाळी वर्तमानपत्रात वाचलेला असतो, वजन तराजूवर डोळ्यांसमोर होते, आणि म्हणून कोणता आकडा हलणारा नाही व कोणता हलू शकतो याची त्यांना पुरती जाणीव असते. मोटारीच्या बाबतीत हीच जाणीव त्यांच्यापासून दूर ठेवलेली असते. संकोच वाटतो तो अज्ञानामुळे, आणि हे अज्ञान ग्राहकाने आपण होऊन पत्करलेले नसून त्याच्यावर लादलेले आहे.

या संकोचाला इतिहासाचेही पाठबळ आहे. परवानापद्धतीच्या काळात, पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर या दोन गाड्यांपलीकडे निवडीस फारसा वाव नसताना, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हीच खरेदीची रीत होती. पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठीही लोक वर्षामागून वर्षे थांबत, आणि नंबर लागून हाती आलेले वाहन मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने त्याच आठवड्यात विकता येई. अशा व्यवहारात भाव कमी करा असे कोण म्हणणार? वाहन मिळाले हाच विक्रेत्याचा उपकार मानला जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९३ मध्ये मोटार-उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले, टंचाई सरली, आज विक्रेता ग्राहकाची वाट पाहत बसतो. तरी वडिलांच्या पिढीने मुलाच्या पिढीस दिलेली ती याचकाची वृत्ती पुरती गेलेली नाही. तिच्या जोडीला आपल्या मध्यमवर्गाची आणखी एक, आणि मुळात आदरणीय, समजूत आहे : पुण्यामुंबईच्या जुन्या पेठांतून ‘एकच भाव’ ही पाटी प्रामाणिकपणाची खूण समजली गेली, आणि छापील दर दिसला की त्यावर शब्द काढणे हे दुकानदाराच्या सचोटीवर संशय घेण्यासारखे आहे, असा संस्कार अनेक घरांतून झाला. तो संस्कार ज्या दुकानांत खरोखर एकच भाव असे त्या दुकानांपुरता योग्य होता. शोरूममधील छापील दर तसा नसतो.

ते दरपत्रक एकदा शांतपणे वाचून पाहावे. वरच्या ओळीस एक्स-शोरूम किंमत असते, आणि तिच्यात वस्तू व सेवा कर, तसेच कंपनीने विक्रेत्यास सोडलेला नफा, असे दोन्ही सामावलेले असतात. पैकी कर हलत नाही, नफ्याचा काही अंश हलू शकतो. खाली रस्ता-कर येतो, जो महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर किमतीच्या टप्प्यानुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के आहे. हा शासनाचा दर आहे, त्यावर बोलण्यात अर्थ नाही. नोंदणीचे शुल्क केंद्रीय नियमांप्रमाणे ६०० रुपये, कर्ज काढले असल्यास बोजा चढविण्याचे १,५०० रुपये. पण अनेक दरपत्रकांत हे सर्व ‘आरटीओ’ या एका शब्दाखाली एकच मोठी रक्कम म्हणून घातलेले असते, आणि त्या रकमेत शासनाचे किती व विक्रेत्याच्या एजंटाचे किती हे वेगळे करून दाखविण्याची तसदी कोणी घेत नाही. १० लाखांवरील गाडीवर १ टक्का रक्कम आयकराच्या खाती वसूल केली जाते, तीही इतर आकारांत मिसळून गेली तर ती रक्कम विवरणपत्र भरताना आपल्याला वळती करून मिळते हे ग्राहकाच्या ध्यानी येत नाही.

विम्याची ओळ तर सर्वांत अधिक लक्ष देण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीय-पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता सरकार ठरविते. २०२२ च्या अधिसूचनेत १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीस तो १०,६४० रुपये होता. येथे सवलत नाही. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो विमा असतो, त्याचे दर २००७ पासून खुले आहेत, प्रत्येक कंपनीचा आकडा निराळा असतो, आणि विक्रेत्यास त्यावर मोबदला मिळतो. म्हणूनच तोच विमा बाहेरून घेतो म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलतो, मग सांगण्यात येते की विमा बाहेरचा असेल तर सूट मिळणार नाही, किंवा दाव्याच्या वेळी अडचण येईल. जुन्या गाडीवर साठलेला नो-क्लेम बोनस, जो ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो गाडीचा नसून मालकाचा असतो व नव्या गाडीच्या विम्यास लावता येतो, ही गोष्ट आपण होऊन फार थोडे विक्रेते सांगतात. शेवटी ॲक्सेसरीजचा संच, वाढीव वॉरंटी, रंगावरचे लेपन, आणि ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ अशा नावाची काही हजारांची रक्कम, जी शासनाच्या कोणत्याही दरपत्रकात नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो.

हा सर्व तपशील ज्याला ठाऊक आहे त्याला भाव विचारताना घाम फुटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये याचा पडताळा साऱ्या देशाने घेतला : २२ तारखेपासून लहान गाड्यांवरील कर २८ टक्के व उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला, कंपन्यांनी कोणत्या गाडीची किंमत कितीने उतरली याच्या याद्या प्रसिद्ध केल्या, आणि त्या याद्या वाचून आलेल्या ग्राहकांना आपल्या गाडीवर नेमके किती कमी झाले हे विचारण्यासाठी कोणत्याही धीटपणाची गरज पडली नाही. मनुष्ये तीच होती. आकडा उघड झाला होता.

हप्त्याच्या बोलण्यात अज्ञानाचा वापर अधिक सफाईने होतो. किमतीवर बोलणे सुरू झाले की ‘महिन्याला किती झेपेल’ असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दिले की किंमत मागे पडते. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसतो, सात वर्षांसाठी घेतले तर सुमारे १२,९००. महिन्याचे ३,७०० वाचले या समाधानात घरी गेलेल्या कुटुंबाने एकंदरीत सुमारे ८५ हजार रुपये अधिक देण्याचे कबूल केलेले असते. जुनी गाडी बदल्यात दिली असेल तर तिची किंमत कमी धरून नव्या गाडीवरील सूट मोठी दाखविता येते. हे दोन्ही आकडे एका कागदावर, पण निरनिराळे, मागणे हाच त्यावरील उपाय, आणि तो मागताना कोणी लाजू नये.

यावर असे म्हटले जाते की घासाघीस ही कला आहे, ज्याला ती साधते त्याने तिचे फळ घ्यावे. हा युक्तिवाद मला क्रूर वाटतो. अमेरिकेत इयन आयर्स या कायद्याच्या अभ्यासकाने १९९१ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. शिकागो भागातील विक्रेत्यांकडे त्याने गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, कृष्णवर्णीय पुरुष व कृष्णवर्णीय स्त्रिया अशी परीक्षक माणसे पाठविली; सर्वांना बोलणी करण्याची एकच पद्धत शिकवून ठेवली होती, म्हणजे कौशल्याचा फरक राहू दिला नव्हता. तरीही गोऱ्या स्त्रियांना गोऱ्या पुरुषांपेक्षा ४० टक्के अधिक नफा द्यावा लागेल असे दर मिळाले, कृष्णवर्णीय पुरुषांना दुपटीहून अधिक, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना तिपटीहून अधिक. विक्रेता बोलणाऱ्याचे कौशल्य पाहत नव्हता, माणूस पाहत होता. ज्या देशात १९५८ पासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचविलेली किंमत तपशीलवार चिकटविण्याचा कायदा आहे, तेथे ही स्थिती. मग आपल्याकडे स्वतःच्या कमाईने गाडी घेणारी शिक्षिका भावाला बरोबर नेते, आणि शोरूममधील माणूस तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या भावाकडे पाहून देतो, यात नवल ते काय? तिच्या संकोचाचा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

मग सर्वत्र एकच भाव करून टाकावा, म्हणजे प्रश्न मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांचा कारखाना आपल्या चाकणला आहे त्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून अशी पद्धत अवलंबिली : गाडीची मालकी कंपनीकडे, बिल कंपनीचे, देशभर एक किंमत, आणि विक्रेता हा मोबदल्यावर काम करणारा प्रतिनिधी. जेथे विकणारा खरोखर एकच आहे तेथे एक भाव सांगण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु सामान्य गाड्यांच्या बाजारात विक्रेता आपल्या पैशाने गाड्या विकत घेऊन ठेवतो, आणि मग स्वतःच्या मालाचा भाव उतरविण्यास त्याला कंपनीने मज्जाव करावा, ही गोष्ट अगदी निराळी आहे.

या संदर्भात २३ ऑगस्ट २०२१ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा आदेश महाराष्ट्रातील प्रत्येक ग्राहकाने माहीत करून घेण्यासारखा आहे, कारण त्या चौकशीचा उगम महाराष्ट्रातील विक्रीक्षेत्राबद्दल आलेल्या एका निनावी ई-मेलमध्ये होता. मारुती सुझुकीच्या विक्रेत्यांना ठरावीक सवलतीपलीकडे सूट देण्यास मनाई आहे, अशी ती तक्रार होती. आयोगाने असा निष्कर्ष काढला की कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे ग्राहकाचे सोंग घेऊन शोरूममध्ये जात, जादा सूट देणारा विक्रेता सापडला की त्याच्याकडून खुलासा मागविला जाई, आणि दंड विक्रीसंस्थेवरच नव्हे तर तेथील कर्मचाऱ्यांवरही बसे. आयोगाने कंपनीस २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. अशाच स्वरूपाच्या प्रकरणात २०१७ मध्ये ह्युंदाईवर बसविलेला ८७ कोटींचा दंड पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. कायद्याचा अंतिम निकाल काय लागेल तो लागो. पण आयोगाने नोंदविलेली वस्तुस्थिती खरी धरली, तर ज्या काळात ग्राहक स्वतःच्या भिडस्तपणाला दोष देत घरी परतत होता, त्या काळात समोरचा विक्रेता सूट देण्यास स्वतंत्र नव्हता. लादलेला एकच भाव ग्राहकाचा संकोच घालवितो खरा, पण त्याचा पैसाही घालवितो.

म्हणून माझी मागणी भाव एक करण्याची नाही, भाव उघडा करण्याची आहे. बुकिंगचा विसार हाती घेण्यापूर्वी विक्रेत्याने सहीशिक्क्याचे एक निवेदन द्यावे, आणि त्यात शासनाचे कर व शुल्क एका बाजूस, विक्रेत्याचे आकार दुसऱ्या बाजूस, प्रत्येक ऐच्छिक बाबीपुढे ‘ऐच्छिक’ असा स्पष्ट शब्द, विमा व कर्ज यांवर विक्रेत्यास मिळणारा मोबदला, गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष, जुन्या गाडीची धरलेली किंमत, आणि त्या महिन्यात कंपनीने जाहीर केलेली सूट, हे सर्व यावे. यासाठी फार मोठा नवा कायदा लागेल असे नाही. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू वा सेवा घेण्याची सक्ती करणे यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ निर्बंधक व्यापारी प्रथा मानतो, म्हणजे विमा आमचाच घ्या ही अट आजही कायद्याच्या कसोटीस उतरणारी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० पासून अस्तित्वात आहे, आणि मोटार-विक्रीपुरती मार्गदर्शक तत्त्वे काढणे त्याच्या अधिकारात बसणारे आहे. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, त्या पुण्यातून ही मागणी प्रथम उठावी, अशी माझी इच्छा आहे.

विक्रेत्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. गाडीवरील मूळ नफा तुटपुंजा असतो, जागेचे भाडे, पडून राहिलेल्या मालावरील व्याज व नोकरांचे पगार त्यातून भागत नाहीत, आणि विमा, कर्ज व ॲक्सेसरीज यांच्या मिळकतीवरच शोरूमचा जमाखर्च जुळतो, असे ते सांगतात. जो तरुण आपल्याला गाडी दाखवितो, त्याच्या पगाराचा मोठा भाग त्याने किती विमे व किती वॉरंट्या गळी उतरविल्या यावर अवलंबून असतो, महिनाअखेरीस लक्ष्य पुरे झाले नाही तर त्याला बोलणी खावी लागतात, आणि ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून तो आत जातो तेव्हा पुष्कळदा त्याच्या हातात खरोखरच काही नसते. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. पण या आक्षेपाचे उत्तर ग्राहकाने अंधारात राहून विक्रेत्याचे भाडे भरावे हे असू शकत नाही. मूळ नफा अपुरा असेल तर तो वाढवून मागण्याची जागा कंपनीचे कार्यालय ही आहे. तो वाढल्याने गाडीची छापील किंमत काही हजारांनी चढली तरी हरकत नाही, कारण ती चढलेली किंमत प्रत्येकास दिसेल, दुसऱ्या कंपनीच्या गाडीशी ताडून पाहता येईल, आणि ती नको असेल त्याला दुसरीकडे जाता येईल.