विरळ म्हणजे निरर्थक नव्हे

काही वर्षांपूर्वी एका चार वर्षांच्या मुलाला मी पोटाच्या एमआरआयसाठी पाठविले होते. ‘श्वास रोखून धर’ ही सूचना त्याच्या आकलनापलीकडची होती. चित्रे धूसर आली आणि अखेर गुंगीचे औषध देऊन तपासणी पुन्हा करावी लागली. “डॉक्टरसाहेब, लेकराला झोपवण्यापेक्षा यंत्रालाच शहाणं करता येत नाही का?” हा त्याच्या आजीचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

त्याचे उत्तर आता गणिताकडून येत आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडलेली मुख्य घटक विश्लेषणाची पद्धत अफाट माहितीतून मोजके आधारघटक निवडते. मात्र थोड्याशा ढोबळ चुकांनीही ती भरकटते. २०११ मध्ये कांदेस, ली, मा व राइट यांनी सिद्ध केले, की ठरावीक अटी पाळल्या गेल्यास पुन्हा पुन्हा येणारी स्थिर पार्श्वभूमी आणि तिच्यावरील विरळ बदल हे दोन भाग अचूक वेगळे करता येतात. २०१५ मध्ये ओताझो, कांदेस व सोडिक्सन यांनी हे तत्त्व गतिमान एमआरआयला लावले. त्यामुळे कमी मोजमापांतूनही चित्र उभे राहू लागले. मोजमाप कमी म्हणजे वेळ कमी, आणि बालकाच्या बाबतीत वेळ हीच खरी अडचण असते.

अर्थात, श्वासागणिक वाकणारे अवयव साध्या बेरजेच्या नियमात बसत नाहीत. लांबी, रुंदी, खोली आणि काळ ही चार परिमाणे एकाच सपाट कोष्टकात कोंबली, की त्यांचे परस्परसंबंध तुटतात. म्हणूनच अरेषीय आणि बहुमितीय माहितीसाठी नव्या पद्धती घडविल्या जात आहेत.

या प्रगतीचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. पण एक इशारा द्यावासा वाटतो. चेहरा ओळखणाऱ्या संगणकाला विरळ भाग म्हणजे पुसून टाकायची सावली वाटते. आमच्या व्यवसायात तोच विरळ ठिपका रोगाची पहिली खूण असू शकतो. नेहमीच्या साच्यात न बसणारे मूलच आमच्या दारी येते.

म्हणून माझा आग्रह आहे, की शुद्ध केलेल्या चित्रासोबत वेगळा काढलेला भागही चिकित्सकाला दिसावा आणि या पद्धतींची पारख लहान मुलांच्या चित्रांवर स्वतंत्रपणे व्हावी. यंत्र शहाणे जरूर व्हावे. परंतु काय टाकून द्यायचे, याचा निर्णय मात्र त्याच्या एकट्यावर सोपवू नये.