छतावरच्या पाइपातली हवा : जिल्हा परिषदेला खुले पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, धाराशिव यांस,


शाळांच्या छतावरचं पाणी टाकीत किंवा बोअरमध्ये सोडण्याची कामं टँकरच्या या जिल्ह्यात व्हायलाच हवीत. माझी विनंती आहे ती त्या पाइपांतल्या हवेबद्दल.

कोरडा पाइप रिकामा नसतो, त्यात हवा असते. उभ्या पाइपातून पाणी कडेनं घसरतं, मधोमध हवा राहते आणि तीही पाण्याबरोबर खाली ओढली जाते. पाइप खाली उघड्यावर सुटत असेल तर ती निघून जाते. झाकणबंद टाकीत सोडला, किंवा आडव्या पाइपाला झोल पडून तिथं पाणी साचलं, की हवा कोंडते. मग ती वर यायला बघते आणि पाणी खाली जायला. छतावर पाइपाच्या तोंडाला लावलेल्या जाळीपाशी बुडबुडे उठतात, स्लॅबवर तळं होतं. पाइप चोंदला म्हणून बांबू घालावा, तर आत काडीही नसते.

100 चौरस मीटर छतावर तासाला 60 मिलिमीटर वेगानं पाऊस पडला, तर मिनिटाला 100 लिटर पाणी उतरायला हवं. कठड्याआड ते 10 सेंटिमीटर साचलं, तर चौरस मीटरला 100 किलो वजन होतं. ज्या छतावर वावर नाही, त्यासाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार जेमतेम 75 किलो आहे. खाली पोरं बसलेली असतात.

पूर्वीच्या मातीच्या छताची, म्हणजे माळवदाची पन्हाळ पाणी थेट अंगणात टाकायची, तिथं हवा कोंडायचा प्रश्नच नव्हता. अर्थात 1993 च्या भूकंपात जड माळवदांनीच उमरगा-लोहाऱ्याकडची माणसं गाडली. ती परत नकोत.

मोठ्या विमानतळांवर हवेला वाट देण्याच्या उलट करतात. फिनलंडमध्ये निघालेल्या पद्धतीत तोंडाशी भोवरा होऊ देत नाहीत, हवा आत शिरत नाही आणि भरलेला पाइप पाणी खेचून घेतो. त्याला काटेकोर गणित लागतं. शाळेला तो थाट कशाला?

आपल्या एस्टिमेटमध्ये टाकीला हवा सुटण्यासाठी डासांची जाळी लावलेला पाइप धरावा, आडव्या पाइपाला सलग उतार द्यावा आणि कठड्यात जादा पाणी बाहेर पडायला मोकळी पन्हाळ ठेवावी. खर्च किरकोळ आहे. चाचणीला मे महिन्यात पाणी आणणार कुठून, हे मलाही कळतं. म्हणून पहिल्या जोरदार पावसात कनिष्ठ अभियंत्यानं छत्री घेऊन छतावर जावं, जाळीपाशी बुडबुडे येतात का ते पाहावं आणि त्यानंतरच शेवटचं बिल निघावं.

आपला,
जिल्ह्यातील एक पालक