खडा निघाला, पण टाक्याचे काय?

पित्ताशयातील खडे दुर्बिणीने काढणे आता कुणाला नवलाचे वाटत नाही. खडा पित्तनलिकेत उतरला, की मात्र गणित बदलते. कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो. मग बिडकीनच्या रुग्णाला वीस-पंचवीस किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तिथे किती खेपा होणार, हे अनेकदा शेवटच्या टाक्यांवर ठरते.

दोन मार्ग कोणते?

पहिला मार्ग ईआरसीपीचा. तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतील खडा काढतात. पित्ताशयाची शस्त्रक्रिया वेगळी होते. दुसऱ्या मार्गात पोटावरील लहान छिद्रांतून नलिकेला छेद देऊन खडे आणि पित्ताशय एकाच वेळी काढतात. या मार्गात छेद शिवावा लागतो.

टाका अवघड का?

निरोगी पित्तनलिका जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असते. खडा अडकल्यावर ती फुगते. पडद्यावर पाहत, लांब दांड्याच्या चिमट्याने बारीक सुई फिरवायची असते. टाका सैल राहिला तर पित्त पोटात झिरपते. कडा जास्त ओढल्या तर नलिका अरुंद होते. धागा विरघळणाराच लागतो, कारण न विरघळणाऱ्या धाग्याभोवती नवा खडा धरू शकतो. टाके सुटे घालावेत की सलग, हे शल्यचिकित्सकाच्या सवयीवर असते.

नळी हवी की नको?

पूर्वी छेदात इंग्रजी ‘टी’च्या आकाराची नळी ठेवून तिच्याभोवती टाके घालत. ही टी-ट्यूब काही आठवडे पोटाबाहेर लोंबत राहते आणि पुन्हा तपासणी करून काढावी लागते. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांच्या ३ चाचण्या आणि २९५ रुग्ण अभ्यासले गेले. नळीमुळे शस्त्रक्रियेचा वेळ आणि रुग्णालयातील मुक्काम वाढला. ठळक फायदा दिसला नाही. चाचण्या थोड्या असल्या तरी कल स्पष्ट आहे.

अर्थात, थेट टाके सर्वांना चालत नाहीत. नलिका पुरेशी फुगलेली, सर्व खडे निघाल्याची खात्री झालेली आणि जंतुसंसर्ग आटोक्यात असावा लागतो. गंभीर संसर्गात आधी ईआरसीपी करून पित्ताला वाट देणेच जीव वाचवते.

खरी उणीव कशाची?

ऑरिकमधील कंत्राटी कामगार असो की पैठण तालुक्यातील शेतमजूर, पोटाला नळी म्हणजे बुडालेली मजुरी आणि वाढलेल्या खेपा. त्यामुळे जिथे शक्य तिथे एकाच शस्त्रक्रियेत काम संपवणे गरिबाच्या अधिक हिताचे. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, तीही मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. हे तंत्र केवळ श्रीमंतांचे नाही, हे तेव्हाच दिसले होते.

यंत्रे निविदा काढून येतात. शिवणारा हात सरावाने तयार होतो. हा सराव रुग्णावर नव्हे, प्रशिक्षणाच्या पेटीत आधी व्हायला हवा. घाटीसह प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी तास आणि निधी राखून ठेवला, तर बिडकीनच्या रुग्णाच्या खेपा कमी होतील.

तोवर नातेवाइकांनी शस्त्रक्रियेपूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत: एकाच वेळी सगळे होईल का? नळी राहणार का? राहिली, तर ती कधी आणि कुठे काढणार?