परक्या शहरांत उतरावें कोठें?

पूर्वीं काशीयात्रेस निघालेल्या गृहस्थास ‘उतरावें कोठें’ हा प्रश्न फारसा छळीत नसे. क्षेत्रोपाध्याय स्टेशनवर हजर असत, त्यांच्या वहींत आजोबा-पणजोबांचीं नांवें निघत, आणि ओसरीवर वळकटी टाकली कीं बिऱ्हाड थाटलें. मुंबईस गेलें तर मावशीचें घर, नागपुरास गेलें तर व्याह्यांचें. आतां दिवस पालटले आहेत. सुट्टींत चार-पांच दिवस युरोपांतील एखादें शहर पाहून यावें अशी हौस मध्यम स्थितींतील कुटुंबांसही होऊं लागली आहे, आणि ती आम्ही गैर मानीत नाहीं. परंतु त्या शहरांत ना उपाध्याय, ना मावशी. जागा घरबसल्या चित्रें पाहून ठरवावयाची आणि पैसे बहुधा आगाऊ भरावयाचे. जागा मोहक असावी आणि खिशासही परवडावी, अशी प्रत्येकाची इच्छा असते. ती पुरी कशी व्हावी याचा या महिन्यांत विचार करूं. आणि तो करतांना आमची स्वतःची एक चूक प्रथम पदरीं घेऊं.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही सहा जण पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहण्यास गेलों. आमच्या मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, आणि नऊ वर्षांचा पुतण्या. लिस्बन निवडण्याचें कारण मातोश्रींची इच्छा. ‘वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला आला’ हें वाक्य त्यांनीं शाळेंत असतांना घोकलें होतें. तो जेथून निघाला तो नदीकांठ व त्याची कबर एकदां डोळ्यांनीं पाहावी, असें त्या पुष्कळ वर्षें म्हणत. त्यांचें वय त्या वेळीं ७४ होतें.

आम्हीं अल्फामा नांवाच्या जुन्या वस्तींत एका घराचा तिसरा मजला पांच रात्रींसाठीं घेतला. चित्रांत निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांनीं मढविलेली भिंत होती, सज्जांत लाल फुलांच्या कुंड्या होत्या आणि खिडकींतून तेजो नदीचा रुपेरी पट्टा दिसत होता. भाडें इतर जागांपेक्षां जवळजवळ एक-तृतीयांशानें कमी. आम्हीं मनांतल्या मनांत स्वतःची पाठ थोपटून घेतली.

प्रत्यक्षांत टॅक्सी गल्लीच्या तोंडाशींच थांबली, कारण पुढें रस्ता नसून दगडी पायऱ्या होत्या. पुतण्यानें त्या मोजल्या, ९२ भरल्या. त्यानंतर घराचा लाकडी जिना, एका वेळीं एकच मनुष्य चढेल एवढा अरुंद, आणि तोही तीन मजले. लिफ्ट नाहीं. घरमालकाची यांत कांहीं लबाडी नव्हती. ‘तिसरा मजला, लिफ्ट नाहीं’ हें त्यानें खालीं स्पष्ट लिहिलें होतें. चित्रांच्या भरांत आम्हींच तें वाचलें नाहीं. मातोश्रींचे दोन्ही गुडघे दुखरे. त्या दिवशीं त्या थांबत थांबत वर आल्या व कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं म्हणाल्या, “तुम्ही सगळे जाऊन या. मला येथून नदी दिसते आहे, तेवढी पुरे.” तिसऱ्या दिवशींही तेंच. ज्यांच्यासाठीं एवढा प्रवास केला त्या एकट्या खिडकीशीं, आणि आम्ही बाहेर! त्या रात्रीं भावजयीनें विचारलें, “दादा, ही जागा आपण कोणासाठीं घेतली?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

चौथ्या दिवशीं सकाळीं उरलेल्या दोन रात्रींचें भाडें सोडून देऊन आम्ही शहराच्या सपाट भागांतील एका साध्या हॉटेलांत गेलों. स्वस्ताईनें जें वांचलें होतें तें सव्याज गेलें. तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे: जागेची निवड घरांतील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांनीं करावयाची. मग तें माणूस आजी असो, गर्भारशी सून असो, कीं कडेवर घेण्याइतकें लहान मूल असो.

हा नियम लावावयाचा तर शहराची ठेवण आधीं समजली पाहिजे. लिस्बन सात टेकड्यांवर वसलें आहे असें परंपरेनें सांगतात. १७५५ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस तेथें भीषण भूकंप झाला; पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या, आगी लागल्या आणि शहराचा मोठा भाग नष्ट झाला. पुढें मार्क्विस ऑफ पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखालीं नदीजवळचा सखल भाग नव्यानें बांधण्यांत आला. त्यास ‘बायशा’ म्हणतात. तेथील रस्ते सरळ, काटकोनांत छेदणारे, आणि भूकंपाचा धक्का सोसावा म्हणून घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातलेले. अल्फामा हा टेकडीवरचा भाग त्या भूकंपांत पुष्कळसा वांचला. म्हणूनच तेथील गल्ल्या अजून वांकड्यातिकड्या, पायऱ्यापायऱ्यांच्या आणि मोहक आहेत. मोरारीया व ग्रासा या वस्त्याही चढाच्याच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडे ‘अव्हेनिदाश नोव्हाश’, म्हणजे ‘नवे राजरस्ते’, आंखले गेले. तो भाग बव्हंशीं सपाट, रुंद पदपथांचा आणि थोडा रुक्ष. पण विमानतळावरून निघणारी मेट्रोची तांबडी शाखा त्याच भागांतील साल्दान्या व सांव सेबास्तियांव या स्टेशनांपर्यंत थेट येते. सामान घेऊन वाटेंत गाडी बदलावी लागत नाहीं.

तेव्हां मोहक आणि परवडणारें, दोन्ही साधावयाचें तर आमचा सल्ला असा. तरुण जोडप्यानें पाठीवर एक पिशवी टाकून खुशाल अल्फामांत उतरावें. पहाटेची नदी आणि संध्याकाळचें फादो गायन त्यांना तेथें जवळ पडेल. ज्यांच्या संगतीं वडीलधारीं माणसें आहेत त्यांनीं बायशांतील आडरस्त्यावरचें एखादें लहान हॉटेल पाहावें. जुन्या इमारतींचे एक-दोन मजले घेऊन चालविलेलीं अशीं हॉटेलें तेथें आहेत. उंच खिडक्या आणि लोखंडी सज्जे यांचें सौंदर्य त्यांत मिळतें, आणि बाहेर पडल्यावर पायांखालीं सपाट रस्ता. रस्त्याकडील खोलींत गलबला फार असतो व मागल्या चौकाकडील खोली अंधारी असते, एवढें ध्यानांत ठेवावें. सहा-सात माणसांच्या कुटुंबास, ज्यांना जागा ऐसपैस हवी आणि भाडें माफक हवें, त्यांना नव्या राजरस्त्यांचा भागच बरा. बाइरो आल्तो ही वस्ती दिवसां शांत वाटते, परंतु रात्रीं पानगृहांचा गोंगाट उशिरापर्यंत चालतो. लहान मुलें झोपावयाचीं असतील तर तेथें उतरूं नये. जून महिन्यांत १२ तारखेच्या रात्रीं संत आंतोनियोचा उत्सव असतो. त्या सुमारास जुन्या वस्त्यांत झोप मिळणें कठीण आणि भाडींही चढलेलीं.

चढ टाळण्यास त्या शहरांत युक्त्या आहेत. बायशांतून वरच्या शियादो भागांत जावयाचें असेल तर ‘बायशा-शियादो’ या मेट्रो स्टेशनांतील सरकत्या जिन्यांनीं वर निघतां येतें. त्याचें एक तोंड खालीं आहे, दुसरें वर. १९०२ सालीं सुरू झालेला सांता जुस्ताचा लोखंडी पाळणाही वरच्या चौकाशीं जाण्यासाठींच उभारलेला आहे, परंतु तो चालू आहे कीं नाहीं हें आधीं विचारून घ्यावें. दोरीनें ओढल्या जाणाऱ्या चढावरील गाड्यांच्या भरंवशावर मात्र हॉटेल ठरवूं नये. त्यांपैकीं ग्लोरिया ही गाडी ३ सप्टेंबर २०२५ रोजीं घसरून १६ माणसें मृत्युमुखीं पडलीं, व त्यानंतर तशा गाड्या बंद ठेवण्यांत आल्या. जाण्यापूर्वीं त्यांची स्थिति विचारून घ्यावी. २८ क्रमांकाची पिंवळी ट्राम टेकड्यांवरून जाते खरी, पण तींत उभें राहावयास जागा मिळेलच असें नाहीं, आणि खिसेकापूंचेंही तिच्यावर प्रेम आहे.

पैसे भरण्यापूर्वीं मालकास चार गोष्टी लेखी विचाराव्या. मोटार दारापर्यंत येते काय? रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? जुन्या घरांत लिफ्ट असली तरी ती कधीं कधीं अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. पत्त्यांतील मजला आपल्यासारखाच, तळमजला सोडून मोजतात. पुढें ‘एश्केर्दो’ म्हणजे डाव्या हाताची जागा व ‘दिरैतो’ म्हणजे उजव्या हाताची. तिसरी गोष्ट, थंडींत खोली तापविण्याची सोय आहे काय? लिस्बनची हवा युरोपाच्या मानानें सौम्य, म्हणून पुष्कळ जुन्या घरांत ती सोय नसते, आणि पावसाळी हिवाळ्यांत भिंती ओलसर होतात. त्याच दिवसांत पदपथांचे गुळगुळीत दगड निसरडे होतात, हेंही वृद्धांनीं जाणावें. चौथी गोष्ट, बेत फिरल्यास पैसे परत मिळतील काय, आणि कोणत्या तारखेपर्यंत? भारतीय पासपोर्टावर शेंगेन व्हिसा काढतांना मुक्कामाच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. व्हिसा हातीं पडण्यापूर्वीं परत न मिळणारे पैसे भरणें म्हणजे लग्न ठरण्याआधीं वाजंत्र्यांना इसार देणें होय. घर भाड्यानें घेत असाल तर जाहिरातींत सरकारी नोंदणीचा क्रमांक आहे कीं नाहीं तेंही पाहावें.

हिशेब नेहमीं सगळा मांडावा. लिस्बनमध्यें सप्टेंबर २०२४ पासून दर माणशीं दर रात्रीं ४ युरो प्रवासी-कर आहे. तो १३ वर्षांखालील मुलांस नाहीं व सात रात्रींपलीकडे घेत नाहींत. म्हणजे पांच मोठ्या माणसांस पांच रात्रींचे १०० युरो भाड्याखेरीज द्यावे लागतात. त्यांत सकाळची न्याहारी, टॅक्सी आणि रोजची मेट्रो मिळवावी. मग पुष्कळदां असें दिसतें कीं स्वस्त वाटलेली दूरची जागा आणि थोडी महाग वाटलेली जवळची जागा यांत फरक उरतच नाहीं. न्याहारीचा विचार आपल्या घरांतील शाकाहारी माणसांनीं विशेष करावा. ‘काल्दो वेर्द’ हें पालेभाजीचें सूप नांवानें निरुपद्रवी, पण त्यांत डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती बहुधा असते. आणि प्रसिद्ध ‘पाश्तेल द नाता’ या पक्वान्नांत अंड्याचा पिंवळा बलक असतो. म्हणून खोलींत एक लहानशी शेगडी असणें हें फुलांच्या कुंडीपेक्षां अधिक मोलाचें. मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपास डाळ, तांदूळ, मसाले विकणारीं दुकानें आहेत. आमच्या दुसऱ्या बिऱ्हाडीं भावजयीनें मुगाची खिचडी टाकली, तेव्हां मातोश्रींनीं चार दिवसांत प्रथमच पोटभर जेवण केलें.

पांचव्या दिवशीं आम्ही त्यांना घेऊन बेलेमला गेलों. मेट्रो, आणि पुढें नदीकांठानें जाणारी १५ क्रमांकाची ट्राम. चढ कोठेंच लागला नाहीं. जेरोनिमोसच्या मठांतील चर्चमध्यें दारांतून आंत जातांच वास्को द गामाची कबर आहे. मातोश्री तेथें बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “हा एकदां आला, आणि त्याच्यामागून आलेले साडेचारशें वर्षें गोव्यांतून हलले नाहींत. आपलें बिऱ्हाड मात्र चार दिवसांत हललें, तें बरें झालें.” १५१० पासून १९६१ पर्यंतचा तो हिशेब त्यांनीं उभ्या उभ्या केला होता.

संध्याकाळीं हॉटेलांत परतलों तों त्या आमच्या पुढें होत्या. टेबलाशीं बसलेल्या बाईंना त्यांनीं सरळ मराठींत सांगितलें, “चावी द्या.” बाईंनीं हंसून खुंटीवरची पितळी किल्ली काढून दिली. पोर्तुगीज भाषेंत किल्लीस ‘शाव्’ म्हणतात आणि आपली ‘चावी’ त्या शब्दावरूनच आली आहे, हें मातोश्रींस ठाऊक नव्हतें. किल्ली घेऊन त्या लिफ्टकडे चालूं लागल्या. पिशव्या घेऊन आम्ही मागून निघालों.