तारीख पाहून नाव घेणारे गुरुजी

दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. गोंदियाला आला की तो दोन दिवस नुसता झोपतो आणि तिसऱ्या दिवशी माझ्या तावडीत सापडतो. या वेळी विचारलं, "बाबू, तू कंपनीत करतोस तरी काय?"

म्हणाला, "आजोबा, दोन संगणकांमधलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून कुलूप लावायचं काम आहे आमचं. त्यात माझ्या वाट्याला चिठ्ठ्या काढणं आलंय."

चिठ्ठ्या? एवढं इंजिनिअरिंग शिकून?

मग त्याने समजावलं. आपण फोनवरून पैसे पाठवतो तेव्हा एक नवी गुप्त किल्ली तयार होते. किल्ली म्हणजे एक भलीमोठी संख्या. कुलपाची रचना जगजाहीर असते, पुस्तकांत छापलेली असते. गुप्त असते ती फक्त ही संख्या. ती कुणालाही ओळखता येऊ नये, म्हणून चिठ्ठी काढल्यासारखी निवडावी लागते.

हे ऐकताना मला माझा सातवा वर्ग आठवला. ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नव्हती.

गणिताच्या तासाला फळ्यावर कुणाला बोलवायचं, हे मी "असंच" ठरवायचो. निदान मला तसं वाटायचं. प्रत्यक्षात नजर आधी फळ्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर जायची. सात तारीख असली की हजेरीपटावरचे ७, १७, २७, ३७. माझं मलाच हे ठाऊक नव्हतं, पण पोरांना पक्कं ठाऊक होतं. मार्च महिन्यात हजेरीची बेरीज करताना दिसलं, की २७ नंबरचा मुलगा वर्षभर ७, १७ आणि २७ तारखेला गैरहजर! शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, तर तो भाबडेपणाने म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तारीख पाहूनच तर नाव घेता."

त्या मुलाला भागाकार येत नव्हता, हे मला मार्चमध्ये कळलं. आठवीत तो आलाच नाही. राईस मिलमध्ये कामाला लागला.

नातू हसला नाही. म्हणाला, "आजोबा, नेटस्केपने हेच केलं होतं."

१९९५ साली नेटस्केप हा इंटरनेट पाहण्याचा फार लोकप्रिय प्रोग्राम होता. त्याची गुप्त किल्ली ज्या आकड्यांवरून बने, ते आकडे म्हणजे त्या क्षणाची वेळ आणि संगणकात चालू असलेल्या कामांचे दोन क्रमांक. बर्कलेच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी ते शोधून काढलं. वेळ साधारण माहीत असली की उरलेले पर्याय संगणकाने पटापट तपासता येतात. म्हणजे तारीख पाहून नाव घेणंच झालं!

मला प्रश्न पडला, संगणक एवढा हुशार, मग त्याला मनाने एक संख्या घेता येत नाही?

नाही येत. तो गणितच करतो आणि गणिताचं उत्तर ठरलेलं असतं. आपले देवळालीचे द. रा. कापरेकर, तेही शाळामास्तरच, त्यांचं ६१७४ आठवा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सात पायऱ्यांच्या आत सगळ्या वाटा तिथेच पोचतात. वाटेतले आकडे मात्र कसे अगदी विस्कटलेले दिसतात!

संगणकयुगाच्या सुरुवातीला फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने सुचवलेली एक रीत होती. चार अंकी संख्येचा वर्ग करायचा आणि मधले चार अंक उचलायचे. २१०० पासून सुरुवात करून पाहा : ४१००, ८१००, ६१०० आणि पुन्हा २१००! कागदावर करून पाहिलं तेव्हा पटलं. विस्कटलेलं दिसणं वेगळं आणि ओळखता न येणं वेगळं.

म्हणून संगणकाला बाहेरून काहीतरी आणावं लागतं. कळ दाबण्यातलं, डिस्क फिरण्यातलं क्षणाच्या बारीक तुकड्यांचं मागेपुढे होणं तो टिपतो आणि एका रांजणात घुसळत ठेवतो. लिनक्समध्ये ही सोय १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी केली. नातू म्हणतो, किल्ली हवी तर या रांजणातून घ्यावी, स्वतःची रीत काढू नये.

तरी चुका होतातच. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये २००६ साली तपासणीत इशारा येतो म्हणून काही मजकूर काढला गेला. त्याबरोबर रांजणात पडणारं जवळजवळ सगळंच बंद झालं. एका प्रकारच्या किल्ल्या उरल्या फक्त ३२,७६८. हे उघड झालं मे २००८ मध्ये. तोवर कुलपं नीट लागत होती, नीट उघडत होती. माझा वर्गही वर्षभर नीटच चालला होता ना!

आणि हे तर आपल्या पाचवी-सहावीच्या गणितातलं. एका प्रकारच्या कुलपात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात. तो फोडणं महाकठीण. पण नुकत्याच चालू झालेल्या राऊटरसारख्या यंत्राचा रांजण रिकामाच असतो, त्यामुळे दोन यंत्रं एक मूळ संख्या सारखीच उचलू शकतात. मग ३२३ आणि ४३७ यांचा मसावि काढा. भागाकार पद्धतीने चार ओळींत १९ येतो आणि दोन्ही कुलपं उघडी! २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या गोळा करून हेच केलं आणि हजारो कुलपं खरोखर उघडली. मसावि कशाला उपयोगी पडतो, असं विचारणाऱ्या पोरांना मी काय उत्तर द्यायचो, ते आता आठवू नये!

माझं मत विचाराल तर या सगळ्यात लबाडी कुणाचीच नव्हती. माणसाला आपली सवय आपल्याला दिसत नाही, एवढंच. ती दिसते समोर बसलेल्याला, आणि तो सांगायला येत नाही. म्हणून ज्यांच्या हातात दुसऱ्यांची कुलपं आहेत त्यांनी स्वतःच्या हुशारीवर विसंबू नये. अनेकांनी तपासलेल्या रांजणातून घ्यावं आणि न कळलेली ओळ विचारल्याशिवाय पुसू नये. आपणही पासवर्ड मनाने ठरवणं सोडावं. नातवंडांच्या जन्मतारखा सगळ्या नातेवाइकांना पाठ आहेत, मंडळी!

त्या मार्चनंतर मी बिस्किटाच्या डब्यात नंबरांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. आधी काढलेली चिठ्ठी बाजूला ठेवायचो, तर ज्यांचा नंबर होऊन गेला ते निर्धास्त झाले. मग चिठ्ठी परत डब्यात टाकून हलवू लागलो. नातू म्हणाला, "आजोबा, हे अगदी बरोबर केलंत."

बरोबर केलं, पण एक वर्ष उशिरा. तो २७ नंबर अजूनही बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो. त्याच्याशी मी हे कधी बोललो नाही. इथे लिहून ठेवतोय.