कामाची हमी झाली, विश्रांतीची केव्हा?

धान पिकविणाऱ्या भंडारा जिल्ह्यात रोवणी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पऱ्हे उपटून बांधीत लावले म्हणजे पीक हाती आले, असे येथील शेतकरी मानीत नाही. लावलेले रोप मूळ धरीपर्यंत बांधीतले पाणी राखावे लागते. ते तुटले तर बियाणे, श्रम आणि मजुरी तिन्ही मातीत जातात. नागपूर–भंडारा महामार्गावरील शहापूरच्या बांधीत कंबर वाकवून उभ्या असलेल्या मजूर स्त्रीला जे कळते, ते राज्याच्या आरोग्य खात्याला मात्र अद्याप उमगलेले नाही. एका माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहात बसविले, छायाचित्र निघाले, मंत्र्यांचे अभिनंदन झाले, की कार्य सिद्धीस गेले अशी खात्याची समजूत दिसते.

जे झाले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ साली मूत्रपिंड प्रत्यारोपण सुरू झाले आणि पूर्व विदर्भातील गरीब रुग्णाला एक दार उघडले. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेसाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णाच्या औषधांसाठी महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. या गोष्टी लोकांच्या पैशातून झाल्या आहेत आणि त्या लोकांच्याच आहेत. प्रश्न आहे तो पुढचा. शस्त्रक्रियेचा आणि गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या या व्यवस्थेत रुग्णाच्या वेदनेचा, झोपेचा, अन्नाचा आणि विसाव्याचा हिशेब कोणत्या रकान्यात आहे?

शुश्रूषा म्हणजे श्रीमंतांचे चोचले, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. पहिले काही महिने म्हणूनच सर्वांत धोक्याचे. या काळात उकळलेले पाणी, ताजे अन्न, स्वच्छ अंथरूण आणि गर्दीपासून दूर अशी एक खोली ही चैन नसून औषधाइतकीच निकड आहे. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. स्टिरॉइडने झोप उडते, चेहरा सुजतो, साखर वाढते. हे सर्व अपेक्षित आहे, असे धीराने सांगणारे कोणी नसेल तर रुग्ण भेदरतो आणि गोळ्या सोडून बसतो. गोळ्या सुटल्या की मूत्रपिंड जाते. वेदनेचेही तसेच. रुग्णालयातून घरी पाठविताना दुखण्याची नीट व्यवस्था लावून दिली नाही, तर तो गावातल्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणतो. हीच औषधे मूत्रपिंडाला घातक ठरतात. वेदनाशमनाकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेवर बोळा फिरविते.

या कथेत दुसरेही एक शरीर आहे आणि त्याची आठवण कोणालाच राहत नाही. ते दात्याचे. १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदल्या गेलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झाली, स्त्रियांवर केवळ ६,९४५. उलट हयात दात्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. तिने द्यावे हे घराने आधीच गृहीत धरलेले असते. शस्त्रक्रियेनंतर तिनेही काही आठवडे जड ओझे उचलू नये, असे वैद्यक सांगते. परंतु घरी परतल्यावर आजारी नवऱ्याची शुश्रूषा तिनेच करायची, पाण्याची गुंडी तिनेच उचलायची आणि चूल पेटती ठेवण्यासाठी जखम भरण्यापूर्वीच रोवणीच्या चिखलात उतरायचे तेही तिनेच. दान तिचे, रजा मात्र कोणाचीच नाही!

रजा अजिबातच नाही, असेही नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानानंतर ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मंजूर केली. निर्णय योग्यच होता. पण मग अवयव दिलेल्या शरीराला ४२ दिवसांची पगारी विश्रांती लागते हे सरकारला मान्य आहे, असाच त्याचा अर्थ होतो. कचेरीतल्या कारकुनाचे शरीर आणि शेतमजूर स्त्रीचे शरीर यांत शरीरशास्त्र भेद करीत नाही. तो भेद वर्गव्यवस्था करते. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ४२ दिवस आणि चिखलात वाकून काम करणारीला शून्य, हा कोणता न्याय?

यावर एक शहाजोग युक्तिवाद पुढे येतो : दात्याला पैसे दिले तर तो अवयवांचा व्यापार ठरेल. व्यापाराची भीती खोटी नाही; गरिबांची मूत्रपिंडे विकली गेली म्हणूनच १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा करावा लागला. परंतु त्याच कायद्याने ‘मोबदला’ या शब्दाची व्याख्या करताना दात्याला आलेला खर्च आणि त्याची बुडालेली कमाई यांची वाजवी भरपाई त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. बुडालेली मजुरी भरून देणे हा व्यापार नव्हे, हे संसदेने त्या वेळीच ठरविले आहे. कायदा आड येत नाही. आड येते ती इच्छाशक्तीची उणीव.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कित्येकदा आपल्याच गोटातून येतो. ज्या भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली, तेथे मूठभर प्रत्यारोपित रुग्णांच्या विसाव्याची चर्चा कशाला? प्राथमिक आरोग्य आधी नको काय? आधी हवेच. पण येथे मागितले जाते आहे ते तरी काय? प्रशिक्षित परिचारिका, स्वच्छ पाणी, जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी आणि रुग्णावर सतत लक्ष. हे सारे प्राथमिक आरोग्यातलेच आहे. आणि फसलेल्या प्रत्यारोपणानंतर रुग्ण पुन्हा डायलिसिसच्या यंत्राशी बांधला जातो, तेव्हा तो भार याच सार्वजनिक रुग्णालयांवर पडतो. शुश्रूषेवर वाचविलेला पैसा तेथे दामदुपटीने मोजावा लागतो.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि राबणाऱ्या हातांना कामाचा हक्क दिला. त्यामागे ग्रामीण श्रमिकांची चळवळ आणि दुष्काळातला संघर्ष होता. ज्या हातांना वैद्यकानेच राबण्याची मनाई केली आहे, त्यांच्यासाठी त्या हक्काचा दुसरा भाग अद्याप लिहिला जायचा आहे.

तो लिहून घेण्यासाठी मागण्या नेमक्या असाव्यात. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक दात्याला ४२ दिवसांची आणि रुग्णाला पहिल्या तीन महिन्यांची, किमान वेतनाच्या दराने मजुरी मिळाली पाहिजे. नागपूरच्या रुग्णालयाजवळ रुग्ण व सोबतीसाठी विनामूल्य निवारा हवा. वऱ्हांड्यात चटई टाकणे म्हणजे निवारा नव्हे. रक्तातील औषधाची पातळी तपासण्यासाठीचा नमुना भंडाऱ्यातच घेतला जावा आणि औषधेही तेथेच मिळावीत. घरी गेलेल्या रुग्णाच्या आणि दात्याच्याही भेटीस परिचारिका जावी.

या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी शहापूरसारख्या गावांतून घरोघर जावे, डायलिसिसवर किती जण आहेत, अवयव कोणी दिला आणि दिल्यावर ती कितव्या दिवशी कामावर गेली याची नोंद करावी, आणि ती यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर ठेवावी. दान करणारीची आरती ओवाळणारे पुष्कळ आहेत. तिची मजुरी मागणारे उभे राहिले पाहिजेत.